जुनी शेतीयंत्रं बघायला गेलो आणि अर्धा वेळ नवा रंगच बघत बसलो: साडेतीन स्टार

आधीच सांगून टाकतो, साडेतीन स्टार देतोय आणि त्यातला दीड स्टार एकट्या त्या काकांचा आहे जे दुपारी इंजिन चालू करून दाखवतात. ते नसते तर दोनवर आटोपलं असतं. म्युझियमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण मला ज्या तक्रारी आहेत त्या अशा बऱ्याच म्युझियमना लागू होतात, आणि तिथली माणसं वागायला खरंच चांगली होती.

पहिला हॉल म्हणजे नुसता चकाचक. लाल, हिरवे, निळे, करडे ट्रॅक्टर ओळीने उभे, खाली गुळगुळीत फरशी, वरून लाइट, टायरला सुद्धा पॉलिश मारलेलं. लहान मुलं खूश, फोटो काढणारे खूश. मी पण पहिली पाच मिनिटं खूश होतो. मग जवळ जाऊन बघायला लागलो तर रंग इतका जाड चढवलाय की ओतीव लोखंडावरचे कास्टिंग नंबर बुजून गेलेत. आता हे नंबर म्हणजे त्या भागाचा जन्मदाखला असतो, त्यावरून कळतं की हा गिअरबॉक्स ह्याच ट्रॅक्टरचा आहे की दुसऱ्या कुठल्या भंगारातून काढून बसवलाय. एका ठिकाणी तर ग्रीस निपलवर (जिथून आत ग्रीस भरतात ते टोक) पण रंग! म्हणजे हे यंत्र पुन्हा कधी चालणार नाही हे रंगाऱ्यानेच ठरवून टाकलं.

मधोमध एक फिरता चौथरा आहे, त्यावर दोन स्पॉटलाइट आणि पाटी, "अतिशय दुर्मिळ, शंभर वर्षांहून जुना ट्रॅक्टर". उत्सुकतेने गेलो तर फोर्डसन एफ. अहो, हा दुर्मिळ कसला? १९१७ ला बनायला लागला आणि १९२८ पर्यंत एकट्या अमेरिकेत सात लाखांच्या वर बनले. हेन्री फोर्डने मोटारीसारखाच तो असेंब्ली लाइनवर काढला आणि १९२२ मध्ये भाव ३९५ डॉलरवर आणून बाकीच्या कंपन्यांना घाम फोडला. इतके बनले की आजही गोडाऊनांतून, शेडमधून निघत असतात. जुना आहे, कबूल. पण जुनं आणि दुर्मिळ ह्यात फरक आहे ना, आणि म्युझियमनेच तो गोंधळ घातला तर बघणाऱ्याने काय करायचं.

बरं, फोर्डसन चौथऱ्यावर ठेवायच्या लायकीचा नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये. त्याची खरी गंमत वेगळी आहे. त्याच्या आधीच्या बहुतेक ट्रॅक्टरना खाली लोखंडी सांगाडा असायचा आणि त्यावर इंजिन, गिअर वगैरे बसवलेलं असायचं, ह्याने इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अॅक्सल यांची ओतीव घरं (म्हणजे बाहेरची कवचं) एकमेकांना थेट बोल्टने जोडली, म्हणजे तीच घरं झाली चासी. वजन कमी, सुटे भाग कमी, बनवायला सोपं. पुढे कित्येक दशकं ट्रॅक्टर ह्याच पद्धतीने बनत राहिले. हे पाटीवर दोन ओळींत लिहिता आलं असतं. पण नाही, "अतिशय दुर्मिळ".

आणि खरोखर दुर्मिळ काय असतं? त्याच हॉलच्या भिंतीवर वहीच्या पानाएवढा एक फोटो लावलाय, कोणी ढुंकून बघत नव्हतं. आयव्हेल अॅग्रिकल्चरल मोटर. इंग्लंडात डॅन अल्बोन नावाच्या सायकल बनवणाऱ्या माणसाने १९०२ च्या सुमारास काढलेला तीन चाकी पेट्रोल ट्रॅक्टर, जेव्हा बाकी जग अजून घोडे आणि वाफेच्या अवजड इंजिनांवर होतं. अल्बोन १९०६ मध्ये गेला आणि पुढे कंपनी पण ढेपाळली. सगळे मिळून साधारण ५०० बनले, आज हाताच्या बोटांवर मोजावेत इतके उरलेत, एक लंडनच्या सायन्स म्युझियमकडे आहे. ह्या म्युझियमकडे तो नसणार हे उघडच आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण निदान त्या फोटोवर एक दिवा तरी टाका.

इथे थोडं विषयांतर करतो. लोकांना वाटतं दुर्मिळ म्हणजे भारी. काही यंत्रं दुर्मिळ झाली कारण ती रद्दी होती! मिनियापोलिसच्या एका कंपनीने फोर्ड आडनावाचा एक माणूस पगारावर ठेवला आणि "फोर्ड ट्रॅक्टर" म्हणून माल विकला, हेन्री फोर्डशी काडीचाही संबंध नाही. ते ट्रॅक्टर इतके बेकार होते की नेब्रास्कातला विल्मोट क्रोझियर नावाचा शेतकरी पार वैतागला, तो आमदार पण होता, आणि त्याच्या पुढाकाराने १९१९ मध्ये कायदाच झाला की राज्यात ट्रॅक्टर विकायचा असेल तर आधी विद्यापीठात टेस्ट करून घ्यायची. ती टेस्ट आजही चालू आहे. आता गंमत बघा, ज्या ट्रॅक्टरने शेतकऱ्याला रडवलं तो आज म्युझियमसाठी सोन्याच्या मोलाचा, कारण त्या कायद्यामागची गोष्ट त्याच्यात आहे, आणि दुसरं म्हणजे कोणी तो जपून ठेवायच्या भानगडीतच पडलं नाही. चांगला असता तर अजून चार जास्त उरले असते.

दुसरा हॉल वाफेच्या इंजिनांचा. इथे मात्र पाट्या बऱ्या आहेत, कोणीतरी मनापासून लिहिल्यात. एवढी मोठी धुडं इतकी कमी का उरली हे नीट सांगितलंय, की शेतकऱ्यांनी ती फुकट गेल्यासारखी भंगारात दिली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकेत युद्धासाठी लोखंड गोळा करायची जोरदार मोहीम निघाली आणि शेताच्या कडेला गंजत उभी असलेली इंजिनं गॅस कटरने कापून भट्टीत गेली. त्यांना दोष तरी कसा द्यायचा, मुलगा लढाईवर आणि दारात पंधरा टन लोखंड नुसतं पडलेलं. सगळ्यात हळहळ वाटली ती केस नावाच्या अमेरिकन कंपनीच्या १५० हॉर्सपॉवरच्या इंजिनाबद्दल वाचून. १९०५ च्या आसपास फक्त ९ बनले, एकही अख्खा उरला नाही. शेवटी मूळ ड्रॉइंग वापरून काही वेड्या लोकांनी नवा बनवला, २०१८ मध्ये तो पूर्ण झाला, वजन ३० टनांच्या वर आणि मागची चाकं ८ फूट उंच. म्हणजे आज जो "जुना" राक्षस धूर काढत फिरतोय तो माझ्या फोनपेक्षा थोडासाच जुना आहे. ह्याला म्युझियममध्ये काय किंमत द्यायची? मला विचाराल तर द्यावी, भरपूर द्यावी, फक्त पाटीवर खरं लिहावं.

आणि ही इंजिनं वाचवायची टूम कशी सुरू झाली ते पण भारी आहे. १९५० मध्ये इंग्लंडातल्या अॅपलफोर्डला आर्थर नॅपर ह्या शेतकऱ्याने शेजाऱ्याशी पैज लावली, माझं इंजिन पळवतो, तुझं पळव, बक्षीस बिअरचं पिंप. नॅपर जिंकला. पुढच्या काही वर्षांत ही रेस बघायला एवढी गर्दी व्हायला लागली की लोकांना एकदम उमगलं, अरे हे भंगार नाही. एका पिंपाने जे काम केलं ते किती समित्यांना जमलं नसतं.

आता माझ्या मुख्य रागाकडे येतो. मागच्या बाजूला एक पत्र्याची शेड आहे, नकाशात तिला "इतर अवजारे" असं नाव दिलंय. इतर! अंधार, धूळ, कोळ्याची जाळी. तिथे एक लाकडी पेरणी यंत्र पडलंय, कप-फीडवालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बियांच्या पेटीत चकत्या फिरतात, चकतीच्या कडेला चमच्याएवढे छोटे कप असतात, कप बी उचलतो आणि नरसाळ्यात टाकतो, तिथून नळीवाटे थेट फणाने उकरलेल्या तासात. पाभरीत (बैलांनी ओढायच्या पेरणीच्या अवजारात) चाड्यावरची मूठ माणूस सोडतो, इथे ती मूठ यंत्राची. किती दाट पेरायचं हे दातेरी चाक बदलून ठरतं, मोठं लावलं की चकती हळू फिरते, छोटं लावलं की भराभर.

मी मोबाइलचा टॉर्च मारून पेटीचं झाकण जरा उचललं (हो, हात लावू नका लिहिलंय, सॉरी) आणि आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं. कुठल्या पिकाला कितवं चाक. एक आकडा खोडून शेजारी दुसरा लिहिलाय, त्याच्या खाली वेगळ्या अक्षरात अजून एक. म्हणजे निदान दोन माणसांनी, कदाचित बाप आणि लेकाने, हंगामामागून हंगाम पेरून बघून तो हिशोब पक्का केला असणार. माझ्या अंगावर काटा आला. अख्ख्या म्युझियममधली ही सगळ्यात मौल्यवान गोष्ट आहे आणि पाटीवर काय लिहिलंय तर "बी पेरण्याचे यंत्र, लाकडी". बास. साल नाही, कोणाकडून आलं ते नाही, पेन्सिलीचा तर उल्लेखच नाही. आणि भीती ही वाटते की उद्या कोणीतरी उत्साही माणूस येईल आणि पॉलिश पेपर मारून मस्त वॉर्निश लावून टाकेल.

अवजारं ट्रॅक्टरपेक्षा जास्त झपाट्याने नाहीशी झालीत आणि कारण अगदी साधं आहे. ट्रॅक्टर चालवता येतो, मिरवणुकीत नेता येतो, त्यावर बसून फोटो काढता येतो, त्यामुळे हौशी लोक तो जपतात. पेरणी यंत्र, कापणी यंत्र, लाकडी मळणी यंत्र ह्यांना जागा लागते खंडीभर आणि कौतुक करणारं कोणी नाही. लाकूड वाळवीने खाल्लं नाहीतर चुलीत गेलं, लोखंडी भाग भंगारवाल्याने नेले. जे सगळ्यांकडे होतं ते जपावं असं कोणालाच वाटलं नाही. आणि नुसता ट्रॅक्टर ठेवून त्याच्या मागचं अवजारच नाही म्हणजे नवरदेव आणला आणि नवरी विसरली, दुसरं काय.

त्याच शेडच्या तोंडाशी, जरा उजेडात, एक कापणी यंत्र आहे. पाटी, "मॅकॉर्मिक रीपर, १८३१". इथे मी थबकलोच. सायरस मॅकॉर्मिकने १८३१ मध्ये आपलं यंत्र पहिल्यांदा शेतात चालवून दाखवलं हे बरोबर, पेटंट १८३४ चं. पण त्या वर्षाचं यंत्र असं एका शेडच्या दाराशी उभं असेल? जवळून बघितलं तर लाकूड एकसारखं, बोल्ट एका मापाचे, सगळं फार नीटनेटकं. १९३१ मध्ये शंभर वर्षं झाली म्हणून इंटरनॅशनल हार्वेस्टरने (मॅकॉर्मिकची कंपनी पुढे हिच्यातच मिळाली) ह्या यंत्राच्या प्रतिकृती बनवून घेतल्या होत्या आणि त्या बऱ्याच ठिकाणी पोचल्या. हे त्यातलंच असणार अशी मला दाट शंका आली. काउंटरवर विचारलं तर आधी "नाही नाही, ओरिजिनल आहे", मग आतून एक बाई रजिस्टर घेऊन आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे, नोंदीत प्रतिकृती असंच लिहिलंय." म्हणजे नोंद खरी आणि पाटी खोटी! प्रतिकृती असणं काही लाज वाटण्यासारखं नाही हो, ती प्रतिकृती स्वतःच आता नव्वदी पार केलेली आहे, तिची पण एक गोष्ट आहे. शिवाय मूळ यंत्रं का नाहीत हे सांगायची आयती संधी होती, एक तर फार थोडी बनली आणि जी बनली ती शेतात झिजून संपली.

किमतीबद्दल पण थोडं लिहितो कारण माझ्या शेजारी उभे असलेले एक गृहस्थ सारखे बायकोला विचारत होते, ह्याचे किती येतील, त्याचे किती येतील. बाजारभाव आणि म्युझियमचं मोल ह्यांचं गणित वेगळं असतं. २०२२ मध्ये १९१३ सालचा केस कंपनीचा ३०-६० ट्रॅक्टर अमेरिकेत लिलावात १४ लाख ७० हजार डॉलरला गेला. (३०-६० म्हणजे ओढायला ३० हॉर्सपॉवर आणि पट्ट्यावर मळणी यंत्र वगैरे फिरवायला ६०, तेव्हाची मॉडेलची नावं अशी सरळ असायची, आताच्यासारखी अक्षरांची भेळ नाही.) तो इतका महाग कारण बनले थोडे, उरले त्याहून थोडे आणि तो हवा असणारे दोन पैसेवाले एकाच वेळी हात वर करतात. उलट फर्ग्युसन टीई२० घ्या, १९४६ ते १९५६ मध्ये पाच लाखांवर बनले, त्यामुळे बाजारात फार किंमत नाही. पण हॅरी फर्ग्युसनची तीन ठिकाणी जोडायची हायड्रॉलिक पद्धत, जिच्यात अवजाराचा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो आणि छोटा ट्रॅक्टर पण नांगर ओढायला पकड धरतो, ती आज जवळपास प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे आहे. एव्हरेस्टवाल्या एडमंड हिलरीची टीम तर १९५८ मध्ये हेच ट्रॅक्टर घेऊन दक्षिण ध्रुवावर पोचली. म्हणून मला विचाराल तर टीई२० कुठल्याही म्युझियममध्ये हवाच, दुर्मिळ नसला तरी. इथे आहे, पण मागची जोडणी भिंतीकडे करून ठेवलाय. कपाळावर हात मारला मी.

आता काकांबद्दल. दुपारी बाहेरच्या अंगणात ते दोन इंजिनं चालवून दाखवतात. पहिलं छोटं हिट अँड मिस इंजिन. ह्याची गंमत म्हणजे वेग ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की गव्हर्नर (वेग सांभाळणारा भाग) एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडाच धरून ठेवतो, स्फोट होत नाही, फ्लायव्हील म्हणजे बाजूचं जड चाक नुसतं स्वतःच्या जोरावर फिरत राहतं, वेग उतरला की मग एक दणका. आवाज येतो फट्, मग फुस फुस फुस फुस, परत फट्. पोरं तर त्या तालावर नाचायलाच लागली. काकांनी फ्लायव्हीलला लाकडाचा तुकडा हलकेच टेकवला, लगेच फट् फट् फट् सुरू, म्हणजे लोड आला की इंजिन कसं जागं होतं ते एका सेकंदात कळलं. अशी दहा पोस्टरं लावली तरी कळलं नसतं.

दुसरं लान्झ बुलडॉग, जर्मन, एकच सिलिंडर. १९२१ मध्ये फ्रिट्झ ह्यूबरने काढलेल्या डिझाइनची पुढची आवृत्ती. आधी पुढचा लोखंडी गोळा ब्लो लॅम्पने लालसर होईपर्यंत तापवायचा, मग स्टिअरिंग काढायचं, हो अख्खं स्टिअरिंग दांड्यासकट, ते बाजूच्या फ्लायव्हीलमध्ये खुपसायचं आणि झोके देऊन चालू करायचं, आणि चालू झालं की पटकन बाहेर ओढायचं नाहीतर हात गेला. काका सत्तरीच्या पुढचे असतील, पण तो झोका असा दिला की मी बघतच राहिलो. पहिल्या दोन वेळा नाही झालं. "अजून तापू दे, घाई नाय करायची हिला," एवढं बोलून पुन्हा लॅम्प धरून बसले. तिसऱ्यांदा ढक्... ढक्... ढक्. जमीन हादरते अक्षरशः. वर सांगितलं की टू स्ट्रोक असल्यामुळे हे उलटं पण फिरतं, सगळ्यात पहिल्या मॉडेलला रिव्हर्स गिअर नव्हताच, इंजिन मंद करून उलट फिरवायचं आणि मागे जायचं.

मी नंतर विचारलं, काका, तुमच्यानंतर हे कोण चालू करणार? हसले नुसते. म्हणाले एक पोरगा येतो शिकायला, रविवारी, कधी कधी.

वाफेचं इंजिन का नाही चालवत असं पण विचारलं. बॉयलरची तपासणी झालेली नाही म्हणाले, आणि ह्या बाबतीत म्युझियमला पूर्ण मार्क. २००१ मध्ये अमेरिकेत ओहायोमधल्या मेडिना इथे जत्रेच्या मैदानावर केसच्या जुन्या वाफेच्या इंजिनाचा बॉयलर फुटून ५ माणसं गेली होती. आत पाणी कमी आणि पत्रा झिजलेला असेल तर रंग कितीही चकाचक असो, ते इंजिन म्हणजे बॉम्बच. त्यामुळे थंड ठेवलंय तेच बरं, कोणी हट्ट करू नका.

जाणार असाल तर थोडक्यात: काकांच्या डेमोची वेळ आधी फोन करून विचारा, टॉर्च न्या, आणि उलट्या क्रमाने बघा, म्हणजे आधी शेड, मग वाफेचा हॉल, शेवटी चकाचक ट्रॅक्टर, नाहीतर शेडपर्यंत पोचेपर्यंत पाय दुखतात आणि पोरं कुरकुरायला लागतात. ऑडिओ गाइड घेऊ नका, त्यात पाट्याच वाचून दाखवल्यात. स्वच्छतागृह व्यवस्थित, बसायला बाकं कमी.

निघताना अभिप्रायाच्या वहीत दोन गोष्टी लिहून आलोय. एक, रीपरच्या पाटीवर प्रतिकृती असं लिहा. दोन, त्या पेरणी यंत्राच्या झाकणाचा आतून नीट फोटो काढून बाहेर लावा आणि कृपा करून कोणाला वॉर्निश मारू देऊ नका. रजिस्टरवाल्या बाईंनी वाचलं आणि विचारलं, "कुठलं झाकण?" त्यांनी ते कधी उघडलंच नव्हतं. मग आम्ही दोघं परत शेडमध्ये गेलो, मी टॉर्च धरला आणि त्या बराच वेळ काही न बोलता ते पेन्सिलीचे आकडे बघत होत्या. तेवढ्यासाठी अर्धा स्टार वाढवलाय, आधी तीनच देणार होतो.